लयनपुण्य : थंडीच्या रात्रीचा आसरा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



संस्थेस पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा गतकाळाचा गौरव होतो, दात्यांचे ऋण मानले जाते आणि पुढील संकल्पांची चर्चा होते. आजच्या भाषणाचा विषय अशाच एका संकल्पाचा आहे. नाशिक शहरात ज्यांना रात्री डोक्यावर छप्पर नाही, अशा माणसांसाठी थंडीच्या तीन महिन्यांत धर्मसंस्थांनी निवारा चालवावा काय, चालवावा तर कसा, आणि जैन संघांनी तो चालविताना आपल्या आचारधर्मास बाध कसा येऊ देऊ नये, हा तो विषय.

नाशिकची थंडी ही शहराच्या कौतुकाची गोष्ट आहे. द्राक्ष, गुलाबी हवा, हुरडा यांच्यासमवेत तिचे नाव घेतले जाते. परंतु निफाडच्या गहू संशोधन केंद्रातील तापमापकाची नोंद वेगळी हकिगत सांगते. डिसेंबर २०१८ मध्ये तेथील किमान तापमान दोन अंश सेल्सियसच्या आसपास उतरले होते. अशा रात्री द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, पहाटे ठिबकमधून पाणी सोडतात, कारण मण्यांना तडे गेले तर वर्षाची कमाई जाते. त्याच रात्री शहरात गोदाघाटाच्या पायऱ्यांवर, गाडगे महाराज पुलाच्या आडोशाला, बसस्थानकाच्या कडेला आणि नाशिकरोड स्थानकाच्या बाहेर माणसे निजलेली असतात. पोत्याचे तरट, फ्लेक्सचा तुकडा आणि एखादी जुनी चादर एवढाच त्यांचा संसार.

ही माणसे कोण, याविषयी समाजात मोठा गैरसमज आहे. बेघर म्हणजे भिकारी, असे समीकरण सर्वत्र मांडले जाते. प्रत्यक्षात त्यांत पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांतून मजुरीसाठी उतरलेली आदिवासी कुटुंबे असतात. जिल्हा रुग्णालयात दाखल केलेल्या रुग्णाचे नातेवाईक असतात. कागद-काचपत्रा वेचणारे असतात. घरातील वादानंतर निघालेले, अथवा तीर्थाच्या गावी आणून सोडलेले वृद्ध असतात. लग्नसराईत वरातीपुढे दिव्यांचे झुंबर डोक्यावर घेऊन चालणारे आणि केटरर्सकडे भांडी घासणारे असतात. आपल्या मंगल कार्यालयांत रात्री बारापर्यंत राबणाऱ्यांपैकी काही जण कोठे झोपतात, हा प्रश्न यजमानाला क्वचितच पडतो.

२०११ च्या जनगणनेत बेघरांची स्वतंत्र मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. पदपथ, पुलाखालची जागा, जिन्याखालची जागा, मोठे नळ, रेल्वे फलाट आणि देवस्थानांचे उघडे मंडप येथे आढळलेली माणसे त्या रात्री नोंदविली गेली. देशात ती १७ लाख ७० हजारांहून अधिक भरली, आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक. एका रात्रीत अशा माणसांची पूर्ण मोजणी होणे कठीण, हे कोणीही जाणता माणूस मान्य करील. पोलीस अथवा पथकाची चाहूल लागताच ते उठून जातात. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली उचलून नेले जाण्याचे भय त्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहे.

नाशिकच्या भूमीला आसरा देण्याची परंपरा नवी नाही. पांडवलेणी, अर्थात त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील मानला जातो. उषवदाताचे संस्कृत रूप अभ्यासक ऋषभदत्त असे देतात. त्यावरून त्याला जैन ठरविण्याचा मोह होईल, पण तसे करण्याचे कारण नाही. त्याचे दान ब्राह्मणांना आणि बौद्ध भिक्षुसंघालाही होते. या शिलालेखात त्याने भरुकच्छ, दशपुर, शूर्पारक आणि गोवर्धन या चार ठिकाणी चतुःशाला, आवसथ आणि प्रतिश्रय, म्हणजे चौसोपी घरे व उतारूंसाठी निवारे बांधल्याची नोंद आहे. यातील गोवर्धन म्हणजे नाशिकलगतचेच. म्हणजे या शहराच्या परिसरात निराश्रितास रात्रीपुरते छप्पर देण्याचा लेखी पुरावा सुमारे एकोणीसशे वर्षांचा आहे.

त्याच लेण्यातील दुसऱ्या नोंदीने कापडाच्या व्यापारातील माणसाचे मन विशेष वेधून घ्यावे. उषवदाताने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांतील २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट कोरलेली आहे. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत, असे लिहिले आहे. वीस गुणिले बारा, २४०. हिशेब पैशाला पैसा जुळतो. आज ज्याला आपण कॉर्पस फंड म्हणतो, त्याची इतकी चोख नोंद नाशिकच्या कातळावर आहे, आणि तीही आसरा व वस्त्र या दोन गोष्टींसाठी.

'लेणे' हा शब्दच येथे महत्त्वाचा आहे. संस्कृत 'लयन', प्राकृत 'लेण', त्यावरून मराठीतील लेणे. मूळ अर्थ विसावण्याची, आश्रयाची जागा. हाच शब्द आपल्या आगमात येतो. स्थानांग सूत्राच्या नवव्या स्थानात नऊ प्रकारची पुण्ये सांगितली आहेत. अन्नपुण्य, पानपुण्य, वस्त्रपुण्य, लयनपुण्य, शयनपुण्य, आणि त्यापुढे मन, वचन, काया व नमस्कार यांची पुण्ये. पाठशाळेतील मुलेही ही नावे घडाघडा म्हणतात. अन्नपुण्याची आठवण अन्नछत्रांत राहिली, पानपुण्याची पाणपोयांत राहिली, वस्त्रपुण्याची ब्लँकेटवाटपात राहिली. लयन आणि शयन, म्हणजे जागा आणि अंथरूण, ही दोन पुण्ये मात्र साधु-साध्वींच्या मुक्कामापुरती आणि यात्रेकरूंच्या धर्मशाळेपुरती उरली. दिगंबर परंपरेतही आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध आणि उपकरण यांच्या जोडीला आवास हे चौथे दान गणले आहे.

यावर एक शास्त्रीय आक्षेप घेतला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. दान सुपात्री असावे. व्रती, संयमी व्यक्तीस दिलेल्या आवासाचे फळ आणि घाटावर निजलेल्या अनोळखी माणसास दिलेल्या आवासाचे फळ एकच कसे? याचे उत्तर शास्त्रातच दिलेले आहे. पात्रदान वेगळे आणि अनुकंपादान वेगळे. पहिल्यात पात्राची परीक्षा असते, दुसऱ्यात समोरच्याचे दुःख हीच पात्रता असते. आदिपुराणात दत्तीचे चार प्रकार सांगताना पात्रदत्तीच्या बरोबरीने दयादत्तीला स्वतंत्र स्थान दिले आहे. सम्यक्त्वाची जी पाच लक्षणे सांगितली जातात, शम, संवेग, निर्वेद, अनुकंपा आणि आस्तिक्य, त्यांतही अनुकंपा आहे. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला आत घेण्यापूर्वी त्याचे वर्तन तपासणे ही पात्रदानाची कसोटी अनुकंपेला लावणे होय. पांजरापोळात आणलेल्या लंगड्या बैलाचे पूर्वचरित्र कोणी विचारीत नाही.

आधुनिक महाराष्ट्रात हे कार्य ज्यांनी सर्वांत मोठ्या प्रमाणावर केले, ते संत गाडगे महाराज. नाशिकला त्यांची धर्मशाळा आहे आणि गोदावरीवरील पुलाला त्यांचे नाव आहे. त्याच पुलाच्या आधाराने बेघर माणसे रात्र काढतात, हा केवळ योगायोग मानावा. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि गाडगे घेऊन ते गावोगाव फिरले. १९१७ मध्ये पंढरपूर येथे चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पंढरीला येणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला रात्री पाठ टेकायला जागा मिळत नसे, त्याची ती सोय होती. पुढे ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी स्थापन झालेल्या गाडगेबाबा मिशनने हे कार्य पुढे नेले, आणि दादर येथील धर्मशाळेने कर्करोगाच्या उपचारासाठी परगावाहून येणाऱ्या असंख्य कुटुंबांना मुंबईत आधार दिला.

बाबांच्या कार्यपद्धतीतील दोन गोष्टी आजच्या विश्वस्तांनी ध्यानात घ्याव्यात अशा आहेत. लाखो रुपयांच्या वास्तू उभ्या करूनही त्यांनी आपल्या नातलगांना त्या मिळकतींत हक्क ठेवला नाही. आणि स्वतः त्या वास्तूंत मालक म्हणून राहिले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी, ऐन थंडीत, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलाजवळ प्रवासात वाहनातच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या दशसूत्रीतील मुद्दे आणि स्थानांगातील पुण्ये शेजारी ठेवून पाहावीत. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा. एका परिटाच्या घरात जन्मलेल्या, शाळेत न गेलेल्या पुरुषाने आगमातील यादी जवळजवळ तशीच सांगितली. आणि त्यात मुक्या प्राण्यांना अभय हेही सूत्र आहे. देवापुढे होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध त्यांनी कीर्तनांतून केलेले प्रबोधन तर जैन समाजाने कृतज्ञतेने स्मरावे असे आहे.

आता शासनाच्या बाजूकडे पाहू. अन्नाच्या हक्काच्या सार्वजनिक हिताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, दिल्लीतील थंडीच्या पार्श्वभूमीवर, बेघरांच्या निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला, आणि मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा हे प्रमाण पुढे आले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तेच प्रमाण स्वीकारले गेले आणि एका व्यक्तीमागे सुमारे ५० चौरस फूट जागेचा निकष ठरविण्यात आला. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. या हिशेबाने तेव्हाच शहरास चौदा-पंधरा निवारे हवे होते. महापालिकेने निवारा केंद्रे चालविली, परंतु प्रमाण आणि गरज यांत अंतर राहिले. ते अंतर भरून काढण्याची कुवत ज्यांच्या इमारती तयार आहेत अशा धर्मसंस्थांत आहे.

आणि येथे जैन संघांच्या दिनदर्शिकेतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चातुर्मासात स्थानके व उपाश्रय साधु-साध्वींच्या वास्तव्याने, प्रवचनांनी, तपस्येने गजबजलेले असतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होतो आणि शेषकाळात या वास्तू बऱ्याच अंशी मोकळ्या राहतात. थंडी तेव्हाच सुरू होते. वाडी आणि मंगल कार्यालयांचे तसेच. तुलसीविवाहानंतर लग्ने लागतात, पण डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत धनुर्मासात मुहूर्त नसल्याने सभागृहांना भाडेकरी मिळत नाही. नाशिकचा पारा नेमका याच महिन्यात तळाला जातो. म्हणजे ज्या महिन्यात जागेचे उत्पन्न सर्वांत कमी, त्याच महिन्यात तिची गरज सर्वाधिक. व्यवहार जाणणाऱ्या विश्वस्तास हे अधिक समजावून सांगावे लागू नये. साधु-साध्वींचे वास्तव्य जेथे असेल तेथे अर्थातच हा उपक्रम नको, त्यांच्या मर्यादा प्रथम.

ब्लँकेटवाटपाविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पौषात अनेक मंडळे रात्री टेम्पो भरून घाटावर जातात, ब्लँकेटे वाटतात, छायाचित्रे घेतात आणि परततात. हेतू चांगला आहे. परंतु कापड ओळखणाऱ्यास ठाऊक असते की वाटपासाठी येणारे स्वस्त ब्लँकेट बहुधा पानिपतच्या पुनर्वापर केलेल्या धाग्याचे असते. कोरडे असेपर्यंत ते ऊब देते. दव पडून एकदा भिजले की जड होते, दिवसा वाळत घालण्यास जागा नसते, आणि दुसऱ्या रात्री तेच ओले अंगावर घ्यावे लागते. शिवाय थंडी वरून जितकी येते त्याहून अधिक खालच्या फरशीतून येते. दगडी घाट रात्रभर अंगातील उष्णता शोषून घेतो. खाली काही नसेल तर वरच्या ब्लँकेटाचा अर्धा उपयोग वाया जातो. आठवड्यात ते चोरीस जाते, पालिकेच्या गाडीत कचरा म्हणून जाते, किंवा भुकेपोटी विकले जाते. मग तक्रार होते की या लोकांना दिलेले टिकत नाही. छप्पर, भिंत आणि वाळवण्याची दोरी यांच्याविना वस्त्रदान अपुरे पडते, म्हणूनच शास्त्रकारांनी वस्त्र, लयन आणि शयन ही तीन पुण्ये पृथक् सांगितली असावीत. ब्लँकेटावर दात्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापण्याची प्रथाही थांबावी. नाव कोठीच्या भिंतीवर लिहावे, झोपणाऱ्याच्या अंगावर नव्हे.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत नॅशव्हिल या शहरी १९८५ च्या हिवाळ्यात चार्ल्स स्ट्रोबेल नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी आपल्या चर्चच्या आवारात मोटारींत रात्र काढणाऱ्यांना आत घेतले. एका चर्चला रोजचा भार पेलणे अवघड होते. पुढच्या हिवाळ्यात इतर चर्चनी एकेक रात्र वाटून घेतली आणि 'रूम इन द इन' या नावाने ती पाळी वर्षानुवर्षे चालत राहिली. इंग्लंडमधील अनेक शहरांतही आठवड्याच्या सात रात्री सात चर्च, अशी पद्धत रूढ झाली. २०२० च्या करोना साथीनंतर तेथे एका दालनात सर्वांनी झोपण्याऐवजी स्वतंत्र खोल्यांवर भर आला, हेही ध्यानात ठेवावे. खोकणाऱ्या माणसासाठी वेगळी खोली आणि क्षयाची तपासणी ही आपल्याकडे चैन समजू नये.

नाशिकमध्ये दिगंबर, मंदिरमार्गी, स्थानकवासी आणि तेरापंथी असे चारही आम्नाय नांदतात. पाळीची पद्धत त्यांना सहज जमेल. मात्र माणसांना रोज नव्या इमारतीत हलविण्यापेक्षा जागा एक ठेवावी आणि सेवेची पाळी फिरती ठेवावी, हे येथे अधिक सोयीचे होईल. साधूंना निवास देणाऱ्यास शास्त्रात 'शय्यातर' अशी सन्मानाची संज्ञा आहे, आणि शय्यातराच्या घरची गोचरी साधू घेत नाहीत. तो नियम साधूंचा आहे, परंतु त्यातील व्यवहारज्ञान येथे उचलता येईल. ज्याने जागा दिली त्याच्यावरच अन्नाचा भार टाकू नये. जागा एकाची, अंथरूण दुसऱ्याचे, सकाळचा नाश्ता तिसऱ्याचा.

हिशेब मांडून पाहावा. चाळीस व्यक्तींचा निवारा धरल्यास ५० चौरस फुटांच्या निकषाने २००० चौरस फुटांचे सभागृह लागते. १ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी या ९० रात्री. म्हणजे ३६०० व्यक्ती-रात्री. प्रत्येकास एक ब्लँकेट खाली व दोन वर, म्हणजे १२०, आणि धुलाईची अदलाबदल धरून १५०. सतरंज्या चाळीस, त्यांच्याखाली जाड तरट. पगारी पहारेकरी दोन, कारण स्वयंसेवक उत्साहाने येतात पण पौषातल्या पहाटे तीन वाजता कामावर पगारी माणूसच असतो. शौचालये, गरम पाणी आणि सामानाची कुलूपबंद फळी. ही शेवटची बाब किरकोळ वाटते, पण आपले गाठोडे सुरक्षित राहील अशी खात्री नसल्यास माणूस निवाऱ्यात येतच नाही. त्याचे सर्वस्व त्या गाठोड्यात असते. ट्रस्टच्या घटनेतील उद्देश-कलमही आधी वाचावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्यात गरिबी व संकटाचे निवारण हा धर्मादाय हेतू मानलेला आहे, परंतु घटनेत लाभार्थी केवळ विशिष्ट समाजाचे असतील तर आधी धर्मादाय आयुक्तांकडील कार्यवाही करून घ्यावी. इमारतीचा अग्निशमनविषयक दाखला आणि पोलीस ठाण्यास लेखी कळविणे हेही ओघाने आले.

आचारधर्माचे प्रश्न खरे आहेत. पहिला रात्रिभोजनाचा. मजूर नाक्यावरून, भांडी घासून माणसे रात्री नऊ-दहाला येणार. संघाच्या स्वयंपाकघरात सूर्यास्तानंतर चूल पेटणार नाही, आणि ते योग्यच आहे. यावर मार्ग असा की निवाऱ्यात रात्रीचे जेवण ठेवूच नये. उकळून गार केलेले पाणी मिळेल. उकळलेले पाणी हा तर आपल्या घरांतील जुना परिपाठ, त्याचा लाभ त्यांनाही होईल. सकाळी नवकारसीनंतर गरम उपमा, दूध, भाकरी असा पोटभर नाश्ता. कामाला जाणाऱ्यास ही न्याहारीच अधिक उपयोगी.

दुसरा प्रश्न शेकोटीचा. बंद दालनात कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. जीवहिंसेचा दोष आहेच, शिवाय तिच्या वायूने झोपेतच प्राण जातात. दार-खिडक्यांच्या फटी बंद करून वर थोडा वारा खेळता ठेवला आणि खाली तरट घातले, तर चाळीस माणसांच्या श्वासानेच दालन उबदार राहते.

तिसरा प्रश्न ढेकूण, उवा, पिसवांचा. औषध फवारून मारावे तर अहिंसाव्रतास बाधा, न मारावे तर पुढच्या वर्षी विवाहासाठी सभागृह कोणी घेणार नाही. येथे यतना कामास येते. जीव उत्पन्नच होणार नाहीत अशी काळजी घ्यावी. आल्याबरोबर अंघोळीची सोय, स्वच्छ कपड्यांचा एक जोड, अंथरुणे रोज उन्हात, लोखंडी खाटा नसून उचलता येणाऱ्या सतरंज्या, आणि गाठोडी निजण्याच्या दालनाबाहेरच्या फळीवर. हे सर्व पहिल्या रात्रीपासून पाळले तरच उपयोग.

सर्वांत अवघड प्रश्न मद्याचा आहे. मद्य प्यालेल्याला दारात उभे करू नये, असे कोणाही जैन विश्वस्ताला वाटणार. भावना समजण्यासारखी आहे. परंतु वैद्यकशास्त्राचे म्हणणे वेगळ्या दिशेने जाते. मद्याने त्वचेजवळील रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगात ऊब आल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात शरीराची उष्णता झपाट्याने बाहेर पडते. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की माणूस बरळू लागतो, मग निपचित होतो. बाहेरचा पारा शून्यावर असावा लागत नाही, ओले कपडे आणि आठ-दहा अंशही पुरतात. म्हणजे थंडीच्या रात्री ज्याच्या जिवाला सर्वाधिक धोका, तोच दारातून परत पाठविला जातो. सकाळी त्याची नोंद पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून होते, आणि नातलग न सापडल्यास बेवारस म्हणून. मद्य आत आणण्यास सक्त बंदी असावी, गोंधळ घालणाऱ्यास आवरावे, पण प्यालेल्या माणसासाठी प्रवेशद्वारालगत एक वेगळी खोली आणि एक जागता पहारेकरी ठेवावा. काही सदस्यांस हे पटणार नाही. ज्या ट्रस्टला हे मुळीच मान्य नसेल त्याने ते आरंभीच जाहीर करावे आणि केवळ स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्यासाठी निवारा चालवावा. तेही मोठे काम आहे. मात्र नियम एक आणि दारावरचा व्यवहार दुसरा, असे होऊ नये.

स्त्रियांसाठी स्वतंत्र दालन, स्वतंत्र शौचालय आणि स्त्री पहारेकरी हवी. नवरा-बायको-मुले असे कुटुंब आल्यास त्यांची ताटातूट होऊ नये. ताटातूट होणार असेल तर ते पुलाखालीच राहणे पसंत करतात. आधार कार्ड मागितल्यास निम्मी माणसे दारातूनच परततील, तेव्हा नाव, गाव आणि अंगठा एवढ्यावर नोंदवही चालवावी. नोंदवहीत धर्म आणि जात यांचे रकाने नसावेत. निवाऱ्यात प्रवचन सक्तीचे नसावे. नवकार मंत्राचा जप नित्याप्रमाणे होईल, ज्याला ऐकायचे तो ऐकेल. गाडगेबाबांच्या कीर्तनाला माणसे जमत ती बोलावणे धाडून नव्हे.

सिंहस्थाच्या तयारीच्या काळात घाट, रस्ते आणि पदपथ मोकळे करण्याचे काम शहरात होतच असते. घाटावरून उठविलेला माणूस गावाबाहेर जात नाही, तो पुढच्या पुलाखाली जातो. म्हणून निवारा गोदाकाठापासून पायी पोचता येईल इतक्या अंतरावर असावा. शहराबाहेरील तीर्थक्षेत्राच्या प्रशस्त धर्मशाळेत जागा कितीही असली तरी तिचा येथे उपयोग नाही, कारण पहाटे सहाला मजूर नाक्यावर उभे राहावयाचे असते.

पहिल्या वर्षी चाळीस नव्हे, पंधरा माणसांनी आरंभ करावा. धनुर्मासाच्या तीस रात्री पुरेत. फेब्रुवारीअखेर नोंदवही बंद करून हिशेब तपासनिसाकडे द्यावा आणि किती रात्री, किती माणसे, किती जण आजारी, किती जणांना परत पाठवावे लागले, हे आकडे संघाच्या सभेत वाचावेत. ब्लँकेटे कोमट पाण्यात धुऊन चैत्राच्या उन्हात चार दिवस कडक वाळवावीत, घड्यांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि पेट्यांवर संख्या लिहून कोठीत ठेवावीत, म्हणजे पुढील मार्गशीर्षात नवी खरेदी अर्ध्यावर येईल.